व्यायामशाळेच्या दारानें

इ. स. १९२६ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठानें आपल्या अभ्यासक्रमांत एका नव्या विषयाची भर घातली. तो विषय म्हणजे नृत्य. नृत्य हा मुख्य विषय घेऊन विद्यार्थिनीनें पदवीधर व्हावें, अशी सोय त्यापूर्वीं अमेरिकेंतील कोणत्याहि विद्यापीठांत नव्हती. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९२७ सालीं, त्याच विषयांत पदव्युत्तर अभ्यासहि सुरू झाला. वरवर पाहतां ही घटना अगदीं लहान दिसते. परंतु तिच्यामागें एक मोठा प्रश्न उभा होता. ज्या ज्ञानाचा संचय ग्रंथांत न होतां माणसाच्या हाडामांसांत होतो, त्या ज्ञानाला विद्यापीठानें विद्या म्हणावें कीं नाहीं? आणि म्हणावयाचें ठरलें, तर तें कोणीं शिकवावें, त्याची पारख कशी करावी, आणि शेजारच्या शास्त्रांशीं व कलांशीं त्याचें नातें कोणत्या प्रकारचें असावें? या प्रश्नांना अमेरिकेंत तीन ठिकाणीं तीन निरनिराळीं उत्तरें मिळालीं. एक विस्कॉन्सिनच्या व्यायामशाळेंत, दुसरें बेनिंग्टनच्या उन्हाळी शाळेंत आणि तिसरें ब्लॅक मौंटन नांवाच्या एका अल्पायुषी महाविद्यालयांत. आज अनेक विद्यापीठांतून नवनृत्याचें जें शिक्षण दिलें जातें, त्यांत या तिन्ही उत्तरांचे अंश मिसळलेले आहेत.

नृत्य आणि व्यायामशाळा यांची गांठ मुळांत पडली कशी, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील स्त्रियांना उच्च शिक्षणाचीं द्वारें उघडूं लागलीं, तेव्हां त्या शिक्षणाच्या विरोधकांनीं वैद्यकाचा आधार घेऊन एक आक्षेप पुढें केला. १८७३ सालीं एडवर्ड क्लार्क नांवाच्या बोस्टनच्या डॉक्टरांनीं एक पुस्तक लिहून असें प्रतिपादन केलें कीं, मुलांच्या बरोबरीनें अभ्यासाचा ताण सोसल्यास मुलींची प्रकृति कायमची बिघडते. या आक्षेपाला शास्त्रीय आधार नव्हता. परंतु त्याची धास्ती मोठी होती, आणि तिला उत्तर म्हणून ठिकठिकाणच्या महाविद्यालयांनीं विद्यार्थिनींसाठीं स्वतंत्र व्यायामविभाग काढले. विरोधकांच्या या आक्षेपाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला कीं, विद्यापीठाच्या इतर शाखांत स्त्री अध्यापिका क्वचितच दृष्टीस पडे, त्या काळीं या एका विभागाचा कारभार मात्र सर्वस्वीं स्त्रियांच्या हातीं आला. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९१० सालीं लॅथ्रॉप हॉल ही प्रशस्त इमारत स्त्रियांच्या व्यायामासाठीं व सामाजिक जीवनासाठीं उभी राहिली. नृत्य विद्यापीठांत शिरलें तें या दारानें. साहित्य, संगीत किंवा चित्रकला यांच्या दालनांतून त्याला कोणी आमंत्रण धाडलें नव्हतें.

ज्या बाईंनीं तें दार उघडलें, त्यांचें नांव मार्गारेट एच्‌डोब्लर. त्यांचा जन्म १८८९ सालचा. १९१० सालीं त्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, आणि त्यांचा मुख्य विषय होता जीवशास्त्र. बास्केटबॉलच्या खेळाची त्यांना अतिशय आवड असे. पदवीनंतर त्या तेथेंच विद्यार्थिनींच्या व्यायामविभागांत शिक्षिका झाल्या. त्या नर्तकी नव्हत्या, आणि पुढेंहि रंगमंचावर नर्तकी म्हणून त्या कधीं नांवारूपास आल्या नाहींत. १९१६ सालीं कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत पुढील अभ्यास करण्यासाठीं त्या न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हां विभागाच्या प्रमुख ब्लँच ट्रिलिंग यांनीं त्यांच्यावर एक कामगिरी सोंपविली. महाविद्यालयांतील स्त्रीनें ज्यासाठीं आपला वेळ खर्च करावा, अशा योग्यतेचें कांहीं नृत्य त्या शहरांत सांपडतें का, तें पाहून यावें, अशी ती कामगिरी होती. मार्गारेटबाईंचें मन तेव्हां खेळांच्या मैदानांत गुंतलेलें होतें. त्यांनीं ही कामगिरी मोठ्या नाखुषीनेंच पत्करली.

न्यूयॉर्कच्या नृत्यशाळांतून त्या हिंडल्या, आणि जें दिसलें त्यानें त्यांची निराशाच झाली. शिक्षकानें एक आविर्भाव करून दाखवावा, शिष्यांनीं तो जसाच्या तसा उचलावा, अशी तेथली सर्वसाधारण रीत होती. ज्या बुद्धीला प्रयोगशाळेंत प्रत्येक गोष्टीचें कारण विचारण्याची संवय लागली होती, तिला ही नक्कल शिक्षण वाटेना. अखेरीस अॅलिस बेंटली नांवाच्या एका संगीतशिक्षिकेच्या वर्गांत त्यांना हवी ती किल्ली सांपडली. बेंटलीबाई आपल्या विद्यार्थ्यांना जमिनीवर पाठ टेंकून निजावयास सांगत व तेथूनच हालचालीला आरंभ करीत. गोष्ट साधी होती. पण जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीनें तिचा अर्थ तत्काळ ओळखला. मनुष्य उभा असतां त्याचे बहुतेक स्नायु तोल सांवरण्यांतच गुंतलेले असतात. तो आडवा झाला कीं गुरुत्वाकर्षणाशीं चाललेला हा झगडा थांबतो, आणि कोणता सांधा किती वळतो, कण्याच्या एका भागाची हालचाल दुसऱ्या भागापर्यंत कशी पोंचते, हें ज्याचें त्याला निवांतपणें पारखतां येतें. म्हणजे ज्याचा अभ्यास करावयाचा तो पदार्थ आणि अभ्यास करणारा जीव, हे येथें एकच असतात. नृत्याला शास्त्राच्या पंक्तीस बसविणारी ही कल्पना घेऊन मार्गारेटबाई मॅडिसनला परतल्या.

१९१७ सालच्या उन्हाळी सत्रांत त्यांनीं पहिला वर्ग घेतला. त्यांच्या वर्गांत आरसे व ठराविक पवित्रे यांच्याऐवजीं माणसाच्या हाडांचा सांगाडा असे. बाई स्वतः कधीं करून दाखवीत नसत. कारण करून दाखविलें कीं विद्यार्थिनी नक्कल करतील, ही त्यांना भीति. त्या प्रश्न विचारीत. सांगाड्यावरील एखादा सांधा दाखवून त्याची घडण समजावून देत, आणि मग त्या घडणींतून कोणकोणत्या हालचाली संभवतात, हें प्रत्येकीनें आपल्या शरीरांत शोधून काढावयाचें असे. कधीं कधीं विद्यार्थिनींच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाई, म्हणजे शेजारणीकडे पाहण्याचा मोह उरत नसे आणि लक्ष आंत वळे. हालचालीचें ज्ञान झाल्यावर तिच्यांतील लय, लयीनंतर भाव आणि भावानंतर रचना, अशा पायऱ्यांनीं त्या शिष्यांना कलेपर्यंत नेत. १९१८ सालीं ‘ऑर्केसिस’ या ग्रीक नांवाचें एक विद्यार्थिनी-मंडळ त्यांनीं स्थापन केलें, आणि पुढें त्याच नांवाचीं मंडळें अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांतून निघालीं.

पदवीचा अभ्यासक्रम मंजूर होण्यापूर्वीं म्हणजे १९२५ सालीं मार्गारेटबाईंनीं शिक्षणांतील नृत्याच्या स्थानाविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांच्या विचारावर तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची छाप स्पष्ट आहे. मनुष्य करून शिकतो, अनुभव हीच ज्ञानाची भूमि, हा ड्यूईंचा सिद्धांत त्यांनीं नृत्याला लावला. अभ्यासक्रमांत शरीररचना, शरीरव्यापार, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान व संगीत यांची सांगड घालण्यांत आली. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हे शेजारचे विषय केवळ नृत्याची प्रतिष्ठा वाढविण्यासाठीं जोडलेले अलंकार नव्हते. शरीरशास्त्रावांचून हालचालीची कारणें कळत नाहींत, मानसशास्त्रावांचून हालचाल व भावना यांचा संबंध उलगडत नाहीं, आणि तत्त्वज्ञानावांचून हें सारें कशासाठीं, याचें उत्तर मिळत नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. प्राध्यापकमंडळाला पटणारी भाषा हीच होती; आणि ती निवळ मुत्सद्देगिरीची भाषा नसून खरोखरीच्या श्रद्धेची होती, म्हणूनच ती टिकली.

परंतु या उत्तराला एक मर्यादा होती. मार्गारेटबाईंचा हेतु नर्तकी घडविण्याचा नव्हता. पूर्ण मनुष्य घडविण्याचा होता. प्रत्येक मनुष्याच्या ठायीं नृत्य सुप्त असतें आणि शिक्षणानें तें जागें करावें, एवढेंच विद्यापीठाचें काम, असें त्या मानीत. रंगमंचावरील प्रयोग, प्रेक्षकांचा निर्णय, व्यवसायांतील कसोटी यांना त्यांच्या योजनेंत दुय्यम स्थान होतें. त्यामुळें त्यांच्या हाताखालून उत्तम शिक्षिका बाहेर पडल्या व देशभर पसरल्या. पण त्याच वर्षीं, १९२६ सालीं, न्यूयॉर्कमध्यें मार्था ग्रॅहॅम आपला पहिला स्वतंत्र प्रयोग करून ज्या नव्या नृत्याची मुहूर्तमेढ रोवीत होत्या, त्याचा आणि विद्यापीठाचा संबंध अद्याप जुळला नव्हता. एकीकडे कलेवांचून शिक्षण आणि दुसरीकडे आश्रयावांचून कला, अशी ही स्थिति होती.

ती गांठ बेनिंग्टन येथें बांधली गेली. व्हरमॉन्ट राज्यांतील या गांवीं १९३२ सालीं स्त्रियांसाठीं एक नवें महाविद्यालय उघडलें. उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्या इमारती रिकाम्या पडत. मार्था हिल व मेरी जोसेफीन शेली या दोघींनीं १९३४ सालच्या उन्हाळ्यांत तेथें नृत्याची शाळा सुरू केली. मार्था हिल यांनीं काहीं काळ ग्रॅहॅम यांच्या मंडळांत नृत्य केलें होतें आणि त्या विद्यापीठांत अध्यापनहि करीत होत्या; दोन्ही तीरांवरचें पाणी त्यांच्या परिचयाचें होतें. त्यांनीं मार्था ग्रॅहॅम, डोरिस हंफ्री, चार्ल्स वाइडमन आणि जर्मनीहून आलेल्या हान्या होल्म या चौघांना एकाच शाळेंत आणलें. एकमेकांच्या पद्धति न मानणारे हे चार कलावंत एका आवारांत शिकवूं लागले, हेंच मोठें नवल होतें.

शाळेंत येणाऱ्यांपैकीं पुष्कळ जणी महाविद्यालयांतील व्यायामशिक्षिका होत्या. उन्हाळाभर त्या कलावंतांच्या हाताखालीं शिकत, आणि शरद ऋतु उजाडतांच आपापल्या गांवच्या व्यायामशाळेंत परतत. याचा आर्थिक परिणाम फार दूरवर गेला. मंदीचे ते दिवस होते. नव्या नृत्याला तिकिटें काढून येणारा प्रेक्षक न्यूयॉर्कबाहेर दुर्मिळ होता. आतां मात्र ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत या कलावंतांना ओळखणाऱ्या शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्या आमंत्रणावरून हीं नृत्यमंडळें गांवोगांव जाऊं लागलीं आणि व्यायामशाळेच्या लांकडी जमिनीवर प्रयोग करूं लागलीं. अमेरिकेंतील नवनृत्याला पहिला विश्वासू यजमान मिळाला तो असा.

बेनिंग्टनचें दुसरें वैशिष्ट्य म्हणजे तेथें नुसते वर्ग चालत नसत. नव्या कृतींची निर्मिति होत असे. १९३५ सालीं ग्रॅहॅम यांनीं ‘पॅनोरमा’ ही रचना सिद्ध केली. तिच्यांत त्यांच्या मंडळाबरोबर शाळेच्या विद्यार्थिनी होत्या, संगीत नॉर्मन लॉइड यांचें होतें आणि हलतीं शिल्पें अलेक्झांडर काल्डर यांचीं होतीं. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत वाइडमन, हंफ्री व होल्म यांच्या मोठ्या रचना क्रमानें पुढें आल्या. १९४० सालीं एमिली डिकिन्सन या कवयित्रीच्या जीवनावर आधारलेली ग्रॅहॅम यांची ‘लेटर टु द वर्ल्ड’ ही रचना तेथेंच प्रथम झाली. तिच्यांत नृत्याच्या जोडीला कवितेचे शब्दहि बोलले जात. नेपथ्यकार आर्क लॉटरर यांनीं या प्रयोगांसाठीं रंगमंचाची मांडणीच नव्यानें विचारांत घेतली. विद्यार्थिनींना सहकार्याचा धडा व्याख्यानांतून मिळाला नाहीं; संगीतकार, शिल्पकार व नेपथ्यकार यांच्या शेजारीं उभें राहून, तालमींतील वादावादी ऐकून आणि स्वतः घाम गाळून तो मिळाला.

या सहकार्याचें शास्त्र शिकविणारा पुरुष म्हणजे लुई हॉर्स्ट. ते वादक व संगीतकार होते. ग्रॅहॅम यांचे अनेक वर्षांचे मार्गदर्शक होते. नृत्यरचनेचा वर्ग एका संगीतकारानें घ्यावा, हें वरवर विचित्र वाटतें. परंतु त्यामागें विचार होता. युरोपांतील जुन्या दरबारी नृत्यांचे आराखडे ते विद्यार्थ्यांपुढें ठेवीत व त्या आराखड्यांच्या कडक चौकटींत नवीन रचना करावयास सांगत. भावना उत्कट आहे, एवढ्यावर त्यांच्याकडे सुटका नसे. ती भावना आकाराला आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दुसऱ्या बाजूनें त्यांनीं संगीताचा नृत्यावरील जुना अंमल सैल केला. ग्रॅहॅम यांच्यासाठीं संगीत लिहितांना ते पुष्कळदां आधीं नृत्य तयार होऊं देत आणि मग त्याच्या मापानें स्वर बसवीत. शतकानुशतकें गाण्याच्या मागें चालणारें नृत्य येथें पुढें चालूं लागलें.

तथापि बेनिंग्टनच्या यशाच्या पोटींच एक धोका दडलेला होता. सहा आठवड्यांच्या अवधींत एखाद्या समर्थ कलावंताची शैली शिकणारी शिक्षिका गांवीं परतली कीं तीच शैली आपल्या विद्यार्थिनींच्या अंगावर चढवी. श्वासाबरोबर धड आंत खेंचण्याची ग्रॅहॅम यांची रीत त्यांच्या स्वतःच्या गरजेंतून जन्मली होती. ती गरज नसलेल्यांच्या अंगावर ती केवळ लकब होऊन बसे. ज्या नकलेला कंटाळून मार्गारेटबाई न्यूयॉर्कहून परतल्या होत्या, तीच नवीन वेष घेऊन विद्यापीठांत शिरण्याचा हा संभव होता. कलावंताला बोलवावें तर त्याचा ठसा उमटतो, न बोलवावें तर शिक्षण कोरडें राहतें. नृत्यशिक्षणाला हा पेंच आजहि पूर्णपणें सुटलेला नाहीं. १९४० सालीं संगीत, नाट्य व नेपथ्य या विषयांसह बेनिंग्टनच्या शाळेचा विस्तार झाला. परंतु महायुद्धाची झळ लागून १९४२ सालच्या उन्हाळ्यानंतर ती बंद पडली. मार्था हिल यांचें कार्य मात्र थांबलें नाहीं. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या जूलियार्ड या संगीतविद्यालयांत नृत्याचा स्वतंत्र विभाग निघाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं.

बेनिंग्टनच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यांत मर्स कनिंगहॅम नांवाच्या एका तरुण नर्तकानें जीन अर्डमन या नर्तकीसह एक रचना सादर केली, आणि तिला संगीत दिलें जॉन केज यांनीं. या दोघां पुरुषांची ओळख सिॲटल येथील कॉर्निश स्कूलमध्यें झाली होती. तेथें कनिंगहॅम विद्यार्थी होते आणि केज नृत्याच्या वर्गाला साथ करीत. त्याच शाळेंतील एक हकीकत प्रसिद्ध आहे. सिव्हिला फोर्ट या नर्तकीच्या रचनेसाठीं केज यांना तालवाद्यांचा मेळ हवा होता. परंतु रंगमंच इतका अपुरा कीं एका पियानोपलीकडे कांहीं मावेना. तेव्हां केज यांनीं पियानोच्या तारांमध्यें स्क्रू व तशाच बारीकसारीक वस्तु अडकवून त्या एका वाद्यांतून अनेक तालवाद्यांचे ध्वनि काढले. संगीताच्या इतिहासांत गाजलेल्या त्या ‘सज्ज पियानो’चा जन्म असा नृत्याच्या वर्गांतील अडचणींतून झाला. सहकार्याचा लाभ एकट्या नृत्यालाच होतो असें नाहीं, याला याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाहीं.

या जोडीला आपल्या कल्पना निर्वेधपणें कसाला लावण्याची संधि मिळाली ती उत्तर कॅरोलिनांतील ब्लॅक मौंटन कॉलेजांत. हें महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. डोंगरांच्या कुशींत वसलेल्या या संस्थेंत विद्यार्थी व अध्यापक एकत्र राहत, शेतीचें व बांधकामाचें काम वांटून घेत, आणि कलेला अभ्यासक्रमाच्या मध्यभागीं स्थान होतें. जर्मनींतील बाउहाउस ही संस्था बंद पडल्यावर तेथील चित्रकार योसेफ आल्बर्स याच ठिकाणीं शिकवावयास आले होते. १९४८ सालच्या उन्हाळ्यांत केज व कनिंगहॅम यांनीं तेथें एरिक साती यांचें एक जुनें प्रहसन बसविलें, तेव्हां त्यांत मुख्य भूमिका केली ती बकमिन्स्टर फुलर या स्थापत्यविशारदानें. दिवसा घुमटाचें गणित करणारा मनुष्य सायंकाळीं नाटकाची तालीम करी, यांत तेथें कोणालाहि कांहीं वावगें वाटत नसे.

१९५२ सालच्या उन्हाळ्यांत त्या महाविद्यालयाच्या भोजनगृहांत एक असा प्रयोग झाला कीं, ज्याची आठवण कलेच्या इतिहासानें जपून ठेविली आहे. केज यांनीं प्रत्येकाला केवळ वेळ नेमून दिली होती. त्या वेळांत काय करावयाचें, तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें होतें. केज व्याख्यान देत होते, चार्ल्स ओल्सन व मेरी कॅरोलिन रिचर्ड्स कविता वाचीत होते, डेव्हिड ट्यूडर पियानो वाजवीत होते, रॉबर्ट राउशेनबर्ग यांचीं कोरीं पांढरीं चित्रें टांगलीं होतीं, आणि कनिंगहॅम प्रेक्षकांच्या मधून नाचत होते. प्रेक्षकांपैकीं ज्याला जें दिसलें, जें ऐकूं आलें, तोच त्याचा प्रयोग. पुढल्याच वर्षीं, १९५३ सालीं, कनिंगहॅम यांचें नृत्यमंडळ याच ठिकाणीं स्थापन झालें.

या मंडळाचा सहकार्याविषयींचा सिद्धांत आजवरच्या सर्व रूढींच्या विरुद्ध होता. नृत्यरचनाकार, संगीतकार व चित्रकार यांनीं कृतीच्या लांबीसारख्या मोजक्या गोष्टींवर एकमत करावें, आणि मग आपापल्या खोलींत आपापलें काम स्वतंत्रपणें पूर्ण करावें. तिघांची भेट रंगमंचावर व्हावी. नर्तकांना पुष्कळदां संगीत प्रथम ऐकूं येई तें प्रयोगाच्याच दिवशीं. हा निव्वळ स्वैरपणा आहे, अशी टीका तेव्हां झाली, आणि ती अगदींच निराधार होती असेंहि नाहीं. कारण कांहीं प्रयोगांत ध्वनीच्या कल्लोळापुढें नृत्याकडे लक्ष देणें प्रेक्षकांना कठीण जाई. परंतु तालाचा आधार काढून घेतल्यामुळें नर्तकाला आपल्या शरीरांतच काळ मोजण्याची शिस्त लावावी लागली, आणि ती शिस्त विलक्षण कडक होती. ब्लॅक मौंटन येथें मिळालेलें उत्तर तें हेंच. एकत्र काम करणाऱ्यांनीं एकमेकांचे सेवक होण्याचें कारण नाहीं. शेजारी म्हणून नांदणें हाहि सहकार्याचाच एक प्रकार आहे. तें महाविद्यालय पैशाच्या अडचणीनें १९५७ सालीं बंद पडलें. तेथें जन्मलेलें नृत्यमंडळ मात्र कनिंगहॅम यांच्या २००९ सालच्या निधनानंतर २०११ सालच्या अखेरच्या दिवसापर्यंत चाललें.

येथवर पाहतां असें वाटण्याचा संभव आहे कीं, विस्कॉन्सिनची व्यायामशाळा मागें पडली आणि इतिहास तिला ओलांडून पुढें गेला. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९३८ सालीं मार्गारेटबाईंच्या वर्गांत ॲन शूमन नांवाची एक विद्यार्थिनी दाखल झाली. त्याच विद्यापीठांत उद्यानविद्येचा अभ्यास करणाऱ्या लॉरेन्स हॅल्प्रिन यांच्याशीं १९४० सालीं तिचा विवाह झाला, आणि पुढें ती ॲना हॅल्प्रिन या नांवानें विख्यात झाली. पति उद्यानें व नगरचौक यांचे शिल्पी झाले, पत्नी नर्तकी. १९५० नंतरच्या दशकांत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस आपल्या घराखालच्या उतारावर, झाडांच्या मधोमध, या दांपत्यानें नृत्यासाठीं एक लांकडी चौथरा बांधून घेतला. त्याच्या योजनेंत बेनिंग्टनच्या लॉटररांचाहि हात होता. वृक्षांच्या बुंध्यांना वळसा घालणारा तो चौथरा सरळ चौकोनी नव्हता. त्यामुळें तेथें नर्तकाला समोर, मागें, मध्य या रंगमंचीय कल्पना सोडून द्याव्या लागत.

१९६० सालच्या उन्हाळ्यांत त्या चौथऱ्यावर भरलेल्या वर्गाला सिमोन फोर्टी, इव्होन रेनर व ट्रिशा ब्राउन या आल्या होत्या. हॅल्प्रिनबाई त्यांना ठराविक पवित्रे शिकवीत नसत. झाडू मारणें, ओझें वाहणें असलीं साधीं कामें करावयास सांगत व तीं करतांना शरीरांत काय घडतें, तें न्याहाळावयास लावीत. वर्गांत सांगाडा ठेवण्याची गुरूची संवय शिष्येनेंहि चालविली होती. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६२ सालीं, न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्यें तरुण नर्तक, संगीतकार व चित्रकार यांनीं मिळून प्रयोग सुरू केले. त्यांच्यांत रेनर व ब्राउन या अग्रभागीं होत्या. त्या मंडळींना एकत्र आणणारा रचनेचा वर्ग मात्र कनिंगहॅम यांच्या शाळेंत भरत असे, आणि तो घेणारे रॉबर्ट डन हे केज यांच्याकडे शिकलेले संगीतकार होते. म्हणजे विस्कॉन्सिन व ब्लॅक मौंटन हे दोन प्रवाह येथें मिळाले. १९१७ सालच्या त्या वर्गांत जो प्रश्न विचारला गेला होता, कीं हें शरीर मुळांत कसें हालतें, तो पंचेचाळीस वर्षांनीं न्यूयॉर्कच्या रंगमंचावर नव्या कलेचा पाया ठरला. मार्गारेटबाईंनीं रंगमंचाला दुय्यम मानलें. रंगमंचानें मात्र त्यांचा विचार मुख्य मानला.

महाराष्ट्रालाहि हा प्रश्न परका राहिला नाहीं. येथें नृत्य म्हणजे मुख्यतः शास्त्रीय परंपरेचें नृत्य, आणि त्याची विद्या गुरुमुखानें घरंदाज रीतीनें चालत आलेली; त्यामुळें अडचण निराळी होती. मुंबईच्या कनक रेळे यांनीं कायद्याचा अभ्यास केला होता आणि मोहिनीआट्टम् या केरळीय नृत्यांत त्या निष्णात होत्या. त्यांनीं मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असें नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभारलें, १९७७ सालीं नृत्यविषयांत डॉक्टरेट संपादन केली, आणि परंपरेनें आलेल्या हालचालींचें विश्लेषण गतिशास्त्राच्या साहाय्यानें केलें. पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं निघालेल्या ललित कला केंद्रांत नृत्य, नाट्य व संगीत हे तीन विषय एका छपराखालीं आले. अमेरिकेंत परंपरा नव्हती म्हणून शास्त्राचा आधार शोधावा लागला. येथें परंपरा एवढी समृद्ध कीं ती विद्यापीठाच्या भाषेंत सांगण्यासाठीं शास्त्राची गरज पडली. वाटा उलट दिशांनीं आल्या, तरी ज्या दाराशीं येऊन थांबल्या तें दार एकच.

या इतिहासावरून विद्यापीठानें काय बोध घ्यावा? विद्यापीठ कलावंत निर्माण करूं शकतें, असा दावा वर आलेल्या कोणत्याच हकीकतीवरून सिद्ध होत नाहीं. प्रतिभा अभ्यासक्रमानें उत्पन्न होत नाहीं, आणि परीक्षेनें मोजतांहि येत नाहीं. विद्यापीठाच्या हातीं दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती कांहीं लहान नाहीं. जीं माणसें एरवीं एकमेकांना कधींच भेटलीं नसतीं, त्यांना तें एकाच आवारांत पुरेसा काळ नांदावयास लावूं शकतें. जीवशास्त्राची पदवीधर व्यायामशाळेंत आली, संगीतकार नृत्याच्या वर्गांत साथीला बसला, उद्यानविद्येचा विद्यार्थी नर्तकीला भेटला, तेव्हांच या कथेंतील प्रत्येक नवा अध्याय सुरू झालेला दिसतो. यांपैकीं एकहि भेट कोणत्या समितीनें ठरवून घडविलेली नव्हती. परंतु ती घडेल अशी जागा मात्र कोणीतरी मुद्दाम राखून ठेविली होती.

आणि अशी जागा राखणें स्वस्त नसतें. बेनिंग्टनची उन्हाळी शाळा नऊ वर्षें चालली, ब्लॅक मौंटन चोवीस वर्षें. दोन्ही ठिकाणीं कर्तृत्वाची वाण नव्हती. एका ठिकाणीं युद्ध आडवें आलें आणि दुसऱ्या ठिकाणीं पैसा संपला. विस्कॉन्सिनचा नृत्यविभाग मात्र शंभर वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचला, कारण त्याला विद्यापीठाच्या कायमच्या छत्राखालीं स्थान मिळालें होतें. मार्गारेट एच्‌डोब्लर १९५४ सालीं निवृत्त झाल्या आणि १९८२ सालीं निधन पावल्या. ॲना हॅल्प्रिन यांनीं शंभरी ओलांडून २०२१ सालीं देह ठेविला. ज्या लॅथ्रॉप हॉलमध्यें विद्यार्थिनी डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्याच सांध्यांचा शोध घेत होत्या, तेथें विस्कॉन्सिनचा नृत्यविभाग अजून आहे.